विचारायला काय जातंय?

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही चौघी कोथरूडमधल्या एका कॅफेत गेलो होतो. कुंडीतली झाडं, पिवळे दिवे, भिंतीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. तुम्हाला माहितीये तसलंच. खाल्लं 1,400 रुपयांचं आणि बिल आलं 1,617. मधले 217 कुठून उगवले म्हणून मी बिल नीट बघितलं. 10 टक्के सर्व्हिस चार्जचे 140 आणि त्या सगळ्याच्या वर 5 टक्के जीएसटीचे 77. ‘‘हा सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का गं?’’ एकीनं विचारलं. कुणाला? तर आम्हाला. बिल आणून देणारा दादा शेजारीच उभा होता, त्याला नाही. आम्ही एकमेकींकडे बघितलं, कोड स्कॅन केला आणि प्रत्येकी 404 रुपये 25 पैसे वाटून घेतले.

खरी गंमत पुढे. जिना उतरून गाडीपाशी येईपर्यंत आमच्यातल्या दोघींनी त्या कॅफेला एकेक स्टार देऊन टाकला होता. पास्ता कोमट होता, सर्व्हिस चार्ज लावतात, वॉशरूमचं दार लागत नाही. सगळं खरं होतं. पण आत दीड तास बसून यातली एकही गोष्ट आम्ही तिथल्या एकाही माणसाला सांगितली नव्हती. दादा दोनदा येऊन विचारून गेला, ‘‘सगळं ठीक आहे ना?’’ आणि चौघींनी दोन्ही वेळा मान डोलवून सांगितलं, ‘‘हो हो, मस्त!’’

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय. आपल्या पिढीला खाण्याचा नाद आहे, यात वादच नाही. बायोमध्ये ‘फूडी’ लिहिणाऱ्यांचा आपला वर्ग. कुठल्या टपरीचा वडा बेस्ट यावर आपण लेक्चर बंक करून भांडतो. मीसुद्धा त्यातलीच, इंटर्न म्हणून लागल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये ‘मला फूडवर लिहायचंय’ म्हणून हात वर केला होता. मतं भरपूर आहेत आपल्याकडे. फक्त ती ज्यानं जेवण रांधलं, ज्यानं भाजी विकली, त्याच्या तोंडावर बोलायची वेळ आली की आपली दातखीळ बसते. विचारायची लाज वाटते. सांगायची तर त्याहून जास्त.

आधी त्या सर्व्हिस चार्जचं सांगून टाकते, कारण तुम्हीही भरत असणार. जीएसटी हा कर आहे, तो सरकारचा. आपण जातो तसल्या बहुतेक हॉटेलांत तो 5 टक्के असतो आणि द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हॉटेलवाल्याचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, ग्राहकाला सक्तीही करायची नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. म्हणजे ‘हा काढा’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका ठिकाणी मी हे करून बघितलं. घसा कोरडा पडला होता, खोटं कशाला बोलू. ‘‘दादा, यातला सर्व्हिस चार्ज काढता येईल का?’’ तो म्हणाला, ‘‘हो मॅडम,’’ आणि एका मिनिटात नवीन बिल घेऊन आला. ना वाद, ना वाकडं तोंड. वाचलेल्यातले 50 रुपये मी त्याच्या हातात टिप म्हणून दिले. बिलात लावलेला चार्ज वाढणाऱ्यापर्यंत पोचतो की गल्ल्यातच राहतो, हे आपल्याला कधी कळत नाही. हातात दिलेली नोट कुठे गेली ते कळतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला नाही बुवा लाज वाटत. मला पाणीपुरीच्या गाडीसमोर उभं करून बघा. ‘‘भैया, तिखट कमी, गोड बिलकुल नको, रगडा गरम आहे का? कांदा वेगळा द्या, शेवटी सुकी पुरी मसाला मारून!’’ तीस रुपयांच्या प्लेटला पाच सूचना. एक पुरी फुटकी निघाली तर बदलून मागते. मिसळीच्या दुकानात ‘कट थोडा अजून’ म्हणताना मला कधी संकोच वाटला नाही. मग एसी लागला, मेन्यू इंग्रजीत आला की हीच मी तीनशे रुपयांचा थंड पास्ता मुकाट्यानं का गिळते?

मला वाटतं, याचं खरं कारण खाणं नाहीच. आपण तिथले नाही, हे उघडं पडेल अशी भीती आहे ती. मी कराडची. पुण्यात आले तेव्हा पहिल्यांदा मेन्यूवर ‘आग्लिओ ओलिओ’ वाचलं. उच्चार कसा करायचा माहीत नव्हता, म्हणून मेन्यूवर बोट ठेवून ‘‘ये वाला’’ म्हणाले. मराठीतही नाही, हिंदीत. समोरचा मुलगा लातूरचा निघाला, हे नंतर कळलं. त्याला सरळ विचारलं असतं, ‘‘भाऊ, यात असतं काय?’’ तर त्यानं सांगितलं असतं की लसूण, ऑलिव्ह तेल, लाल मिरची आणि शेवया जाड. बस. आपल्याकडे लसूण-मिरचीची फोडणी देतात तीच जवळजवळ, भातावर द्यायच्या ऐवजी स्पॅगेटीवर. माझ्या आज्जीनं खाल्लं असतं तर म्हणाली असती, वर जरा दाण्याचं कूट घाल. भीती इटालियनची नव्हतीच. चार टेबलं पलीकडच्या लोकांना काय वाटेल, याची होती. आणि त्या लोकांचं लक्ष, मी शपथेवर सांगते, स्वतःच्या फोनमध्ये होतं.

विचारायच्या गोष्टी तशा साध्या असतात. ‘पाण्याची बाटली आणू?’ असं एका विशिष्ट सुरात विचारतात, तेव्हा ‘साधं पाणी चालेल’ म्हणायचं. पनीरची भाजी मागवताना ‘पनीर दुधाचं आहे की अ‍ॅनालॉग?’ हेही विचारायचं. अ‍ॅनालॉग म्हणजे दुधातल्या फॅटच्या जागी वनस्पती तेल वगैरे वापरून पनीरसारखं केलेलं. पाकिटावर तसं लिहावं लागतं, पण ताटात आलं की पाकीट कुठे असतं? ते विकणं बेकायदा नाही. तुम्हाला ते चालत असेल तर खुशाल खा. पण पनीरचे पैसे देताय तर पनीर आहे का, एवढं विचाराल की नाही? मी विचारलं तेव्हा एकदा उत्तर आलं, ‘‘मॅडम, आत विचारून सांगतो.’’ आत गेलेला माणूस बराच वेळ आला नाही. मी बटाट्याची भाजी मागवली.

खरेदीचंही तेच झालंय. माझी रूममेट दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या अ‍ॅपवरून कोथिंबीर मागवते. इवलीशी कोथिंबीर, प्लास्टिकच्या पाकिटात, वर हँडलिंगचे पैसे. तिला मी म्हटलं, मंडईत चल. ती म्हणाली, ‘‘तिथे भाव विचारावा लागतो गं.’’ हे तिचं खरं वाक्य आहे, मी रचलेलं नाही. हुशार पोरगी आहे, कॉलेजच्या डिबेट टीममध्ये आहे, आणि भाजीवाल्या मावशींना ‘कशी दिली?’ म्हणायला घाबरते. अ‍ॅपवर भाव लिहिलेला असतो, बोलावं लागत नाही, म्हणून ती जास्त पैसे देते. थोडक्यात, गप्प बसायची फी.

शेवटी मी तिला ओढत महात्मा फुले मंडईत नेलंच. 1886 साली उघडलेली ती दगडी इमारत, वरचा तो अष्टकोनी मनोरा. आपण मेट्रो स्टेशनवरून उतरतो, रील काढतो आणि आत न जाताच परत फिरतो. आत गेलं की गाळ्यांच्या त्या उंच ओट्यांवर माणसं भाजीच्या ढिगात बसलेली असतात आणि आपण खालून वर बघत बोलायचं. पहिल्यांदा खरंच जरा शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. पण एक प्रश्न विचारा आणि बघा. मी भेंडीचा भाव विचारला, तर मावशींनी भावाबरोबर भेंडीचं शेपूट मोडून दाखवलं: ‘‘कट्‌ करून तुटलं तर कोवळी. नुसतं वाकलं तर घेऊ नको, माझ्याकडची असली तरी.’’ दुधीला अलगद नख लावून बघायचं, पण विकणाऱ्याला विचारूनच, नाहीतर ओरडा बसतो. कलिंगडाला जिथे ते जमिनीवर टेकलेलं असतं तिथला डाग पांढरा असेल तर ठेवून द्यायचं, पिवळा असेल तर घ्यायचं. हे सगळं अर्ध्या तासात फुकट मिळालं. अ‍ॅपवर भेंडीचा फोटो कायम कोवळाच असतो.

एक खुलासा. विचारणं म्हणजे घासाघीस नाही. पालेभाजीची जुडी घेऊन बसलेल्या आजींशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारे आणि मॉलमध्ये छापील किमतीला मान तुकवणारे लोक मला आवडत नाहीत. भाव विचारा, पटला तर घ्या, नाही पटला तर ‘पुढे बघून येते’ म्हणा. ‘कुठनं आला हा पालक?’ असं विचारलं तर आजी तुम्हाला गाव सांगतील, पाऊस सांगतील, सुनेचंही सांगतील. थोडा वेळ हाताशी ठेवून जा.

जिथे माणूस नसतो तिथे पाकिटाला विचारावं लागतं. आणि पाकीट बोलतं, फक्त बारीक अक्षरात. त्याच्यावरचे घटक जास्तीकडून कमीकडे या क्रमानंच छापायचे असतात. त्यामुळे ‘हेल्दी’ बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा आणि दुसरी साखर असेल, तर पुढे ओट्सचं चित्र कितीही मोठं असू दे. ब्राऊन ब्रेडचं पाकीट उलटून बघा. कितीतरी ब्रेडमध्ये पहिलं नाव मैद्याचंच असतं आणि तो तपकिरी रंग 150 नंबरच्या कॅरॅमलचा. आइस्क्रीम म्हणून आपण जे उचलतो त्यातल्या अनेक डब्यांवर ‘फ्रोझन डेझर्ट’ असं लिहिलेलं असतं. आइस्क्रीममध्ये दुधाचं फॅट असतं, यात वनस्पती तेल. मला पर्सनली फ्रोझन डेझर्टचा चोकोबार आवडतो, लहानपणापासून. फक्त मला कुणीतरी 21 वर्षं आधी सांगायला हवं होतं.

बेकिंगमध्ये तर या गप्प बसण्यानं माझा एक अख्खा केक गेला. दिवाळीच्या सुट्टीत घरी होते. ‘फक्त तीन साहित्यात कुकरमधला केक’ असं एक रील होतं, लाखो लाइक्सचं. बिस्किटं, दूध आणि सोडा. कुकरच्या तळाला मीठ पसरलं, रिंग आणि शिट्टी काढली, दहा मिनिटं तापवला, भांडं आत ठेवलं. सगळं रीलमधल्यासारखं. केक आधी टम्म फुगला आणि बाहेर काढल्यावर मधोमध असा बसला की त्यात वाटीभर वरण मावलं असतं. चव साबणासारखी. मी ते रील आणखी चार वेळा बघितलं. प्रत्येक वेळी तिचा केक फुगत होता आणि माझा बसलेलाच होता.

आमच्या घराच्या कोपऱ्यावर जुनी बेकरी आहे. आजी तिथे दिवाळीत नानकटाई करून घ्यायची. तुमच्याही घरी कुणीतरी केलं असेल हे: पत्र्याच्या डब्यात आपला मैदा, रवा, पिठीसाखर, तूप घेऊन बेकरीत जायचं, ते लोक मळून, थापून, भट्टीत भाजून देणार आणि आपण किलोमागे मजुरी द्यायची. आजी नुसतं सामान देऊन परत यायची नाही. स्टूल टाकून बसायची. आपल्या तुपाच्या जागी डालडा जातोय का, यावर एक डोळा. दुसरा भट्टीवर. आणि तोंड चालूच: ‘‘भट्टी कधी पेटवली? आधीचा पाव किती वेळ होता आत? वेलची आत्ता कशाला घालताय?’’ मी तेव्हा सात-आठ वर्षांची, लाजेनं जीव जायचा माझा. बेकरीवाले मामा मात्र एकेक उत्तर देत राहायचे. दरवर्षी तेच प्रश्न, तीच उत्तरं.

तो बसलेला केक घेऊन मी त्याच मामांकडे गेले. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, चेहरा तसाच ठेवला (याला म्हणतात माणुसकी) आणि उलट मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. सोडा घातला की पावडर? किती? चमचा कुठला, चहाचा की पोह्यांचा? आत काही आंबट होतं का? झाकण किती वेळा उघडलंस? पाचव्या प्रश्नाला माझी चोरी पकडली गेली. मी दर पाच मिनिटांनी झाकण काढून फोटो काढत होते. मग त्यांनी समजावलं. सोड्याला फुगायला आंबट लागतं, ताक, दही, लिंबू, काहीतरी. ते नसेल तर सोडा पुरता संपत नाही आणि तीच साबणाची चव. बेकिंग पावडरमध्ये आंबट आधीच कोरडं घातलेलं असतं, म्हणून ती नुसत्या दुधातही चालते. आणि केक आतून घट्ट होण्याआधी झाकण उघडलं की आतली गरम हवा जाते, केक बसतो. पुढच्या वेळी वाटीभर ताक, सोडा पाव चमचा आणि फोन दुसऱ्या खोलीत. केक झाला. थोडा भेगाळला वरून, पण झाला.

मामांनी मला जे दिलं ते रीलमध्ये नव्हतं, ते म्हणजे उलटे प्रश्न. माणसाला विचारलं की तो पण विचारतो. आपण नेमकं तेच टाळतो की काय, अशी मला शंका आहे. स्टार देऊन टाकला की समोरून कुणी ‘का गं?’ म्हणत नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि गेले अठरा महिने जवळच्याच एका काकूंच्या मेसमध्ये जेवते. दोन वेळचे महिन्याचे 3,200, रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. नियम एकच: येणार नसाल तर सकाळी दहाच्या आत सांगा, खाडा धरला जाईल. आम्ही चाळीस मुली होतो. काकू, एक पोळ्या करणाऱ्या मावशी आणि काकूंचा वाढायला येणारा भाचा.

काकूंची पोळी मऊ, भाजी बरी. आमटी गोड. म्हणजे गोड म्हणजे गोडच. आम्ही कराड, सांगली, नगर, बीडच्या मुली, आम्हाला ती घशाखाली उतरायची नाही. त्यावर आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, ‘आमटी हटाओ’. रोज दुपारी वाटीचा फोटो, त्याखाली मीम्स. मीही टाकलेत, एक तर बऱ्यापैकी गाजला होता. आणि मग रात्री कुणीतरी म्हणायचं, ‘‘आज काहीतरी मागवूया?’’ खाडा सांगायची वेळ सकाळीच गेलेली. फोन करून ‘काकू, आम्ही सहाजणी येत नाही’ म्हणायची लाज वाटायची, कारण मग ‘का गं?’ आलं असतं. त्यापेक्षा न सांगता दांडी सोपी. मागवलेल्या एका बिर्याणीचं मी एकदा गणित मांडलं होतं. दुकानात 180 ची प्लेट अ‍ॅपवर 220, वर पॅकिंग, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी धरून 291. काकूंच्या एका जेवणाचे साधारण 55 रुपये पडतात. ते तर आधीच भरलेले असायचे.

काकू चाळिसांचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री बावीस-चोवीस जणी यायच्या. उरलेल्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी व्हायची, आणि त्याच्यावरही आमचे मीम्स तयार असायचेच.

मार्चमध्ये काकूंनी दाराशी कागद लावला. 31 मेपासून मेस बंद. सगळा दोष आमचाच, असं म्हणणार नाही. जागेचं भाडं वाढलं होतं, सिलिंडर महाग, पोळ्यांच्या मावशींचे गुडघे गेले होते. पण मुली कमी झाल्या, उरलेल्या सांगून येत नाहीत, अंदाजच लागत नाही, हे काकू स्वतःच म्हणाल्या. रागानं नाही. हिशेब सांगतात तसं.

त्या आठवड्यात मी या पुरवणीसाठी ‘शहरातल्या सात हटके आमट्या’ अशी काहीतरी कल्पना मांडली होती. (नाकारली गेली. बरं झालं.) त्यामुळे आमटी डोक्यात होती. दुपारी शेवटच्या पंगतीला काकू आणि मी दोघीच होतो. मी ताटावरून मान वर न करता म्हटलं, ‘‘काकू, एक सांगू? आमटीत गूळ जरा जास्त होतो.’’

अठरा महिने लागले मला हे वाक्य बोलायला.

काकूंनी डाव खाली ठेवला. ‘‘अगं, मग बोलायचंस ना! आम्ही सोलापूरकडचे. आमच्या घरी गोड आमटी कुणाच्या तोंडाला लागत नाही. ह्यांना तर मी वेगळी करते.’’

‘‘मग आम्हाला का?’’

‘‘मेस सुरू केली त्या वर्षी रत्नागिरीची एक मुलगी होती. पहिल्याच आठवड्यात आली स्वयंपाकघरात. म्हणाली, काकू, आमटीत थोडा गूळ घालाल का, घरच्यासारखी लागेल. तेव्हापासून घालते. मला वाटलं, तुम्हा मुलींना तशीच आवडते.’’

किती वर्षं झाली त्याला, मी विचारलं. नऊ, काकू म्हणाल्या.

म्हणजे बघा. एका मुलीनं एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, आणि नऊ वर्षं, शेकडो मुलींनी तिच्या घरची आमटी खाल्ली. आमच्या ग्रुपवरच्या दीड वर्षाच्या मीम्सनी एक चिमूट गूळ कमी झाला नाही.

मी ते ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग बीडच्या मैत्रिणीनं लिहिलं, ‘‘उद्या रात्री मी येतीये. खाडा नाही.’’ मग आणखी एक. मग बाराजणी. कुणीतरी ग्रुपचं नाव बदलून ‘आमटी’ एवढंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी थोडी लवकर गेले आणि विचारलं, ‘‘काकू, तुमच्या घरची कराल आज? ह्यांच्यासाठी करता ती?’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लसणाच्या पाकळ्यांची वाटी माझ्याकडे सरकवली. सोलायला. त्या रात्री आमटीत काळा मसाला होता, वर लाल तवंग, आणि ताटात न मागता शेंगाची चटणी. चौतीस मुली आल्या होत्या. आमटी कमी पडली. भाच्याला दोनदा आत जावं लागलं, आणि दुसऱ्यांदा तो बाहेर आला तो नुसतीच मान हलवत.

मेस बंद व्हायचीय ती होणारच. जागा सोडायचं पत्र काकूंनी मालकांना देऊन टाकलंय. 31 तारखेपर्यंत रोज रात्री आठ ते साडेनऊ. येणार असाल तर सकाळी दहाच्या आत सांगा.